टिपणीसकाका आणि वेपची तार

टिपणीसकाका मला पहिल्यांदा भेटले ते अजमानच्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये. माझ्या हातात नवी कोरी कढई होती. या गृहस्थांनी नाव नाही, गाव नाही, खिशातून लोहचुंबक काढला आणि थेट माझ्या कढईला लावला. चुंबक घसरून खाली पडला.

"दुकानदार काय म्हणाला? इंडक्शनवर चालेल?"

मी हो म्हटलं.

"नाही चालणार, चुंबक चिकटत नाही. यल्ला, चल, बिल असेल तर आत्ताच परत कर."

काय आगाऊ माणूस आहे, असं मी मनातल्या मनात म्हटलं. पण कढई खरंच चालली नाही. ती परत करायला निघाले तेव्हा मी काकांनाच गाडीत घालून नेलं. दुकानात भांडायला आपल्या बाजूचं कुणीतरी लागतंच ना!

काका शारजाच्या एका कारखान्यात गिझर आणि ओव्हनचे एलिमेंट बनवण्याचं काम बघतात. उभा जन्म तापणाऱ्या तारांमध्ये गेला. काकू सध्या पुण्याला, त्यांच्या आईच्या आजारपणासाठी. एकुलता एक मुलगा निखिल अबूधाबीला, अल रीम आयलंडवर राहतो, नोकरीही तिकडेच. त्यामुळे घरात काका एकटे, आणि जेवणाच्या टेबलावर ताटाला जागा नाही, इतकी तारांची रिळं.

ही रिळं वेपसाठी, म्हणजे ई-सिगारेटसाठी. आता काकांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नाही. उदबत्तीनेसुद्धा त्यांना ठसका लागतो. पण निखिल वेप ओढतो, आणि चिरंजीवांना विकतची कॉइल चालत नाही, हाताने वळलेलीच हवी. कॉइल म्हणजे वेपच्या पोटातली तारेची इवलीशी गुंडाळी. ती तापली की कापसातल्या रसाची वाफ होते, आणि ती वाफ हे शहाणे छातीत ओढतात.

एकदा निखिलची तार संपली म्हणून तो दुबईच्या ड्रॅगन मार्टमधून फोटो टांगायची तार घेऊन आला. काकांनी हटकलं, तर म्हणाला, "बाबा, वायर इज वायर."

झालं! काकांनी ती तार गॅलरीत नेली आणि लांब उभं राहून बॅटरीला जोडली. लाल झाली तसा भसाभस पांढरा धूर निघाला.

"बघ! जस्ताचा मुलामा आहे. हे छातीत घेणार होतास? खलास झाला असतास!"

"चिल, बाबा."

"चिल काय चिल! तार तापायला पाहिजे, माणूस नाही!" असं काका ओरडून सांगत होते, आणि त्यांचे स्वतःचे कान लालबुंद झाले होते.

त्या दिवसापासून कॉइलचं खातं काकांनी आपल्याकडे घेतलं. "वेप सोड, हे माझं पहिलं म्हणणं. सोडत नाहीस तोवर तार माझ्या हातची, हे दुसरं." तेव्हापासून निखिल दर शनिवारी अबूधाबीहून गाडी हाणत यायचा, आमटीभात ओरपायचा आणि कॉइल घेऊन जायचा.

त्या कॉइलचा सोहळा मी कितीदा बघितलाय. काका भिंग लावून बसायचे आणि मला ऐकवायचे, "मीनल, नायक्रोम घ्यावी, नाहीतर चांगलं स्टेनलेस स्टील. तांबं नको, मुलाम्याची नको. टायटॅनियम तर लाल होईस्तोवर तापवायचंच नाही. आणि ज्या रिळावर काय धातू आहे ते लिहिलेलं नाही, ती तार कपडे वाळत घालायला." मग मीटर लावून मोजमाप, मग तापवून बघणं. लाली मधोमध सुरू होऊन कडेला पसरली की काका खूश. "लाजली बघ!" म्हणायचे. एका टोकालाच लाल झाली तर उलगडून पुन्हा पहिल्यापासून.

बिल्डिंगमधल्या इतर वेपवाल्यांना सुगावा लागला, तेही यायला लागले. काका त्यांना आधी बसवायचे, चहा द्यायचे आणि विचारायचे, "मम्मी को पता है?" तिसऱ्या मजल्यावरचा टक्कल पडलेला अकाउंटंट या प्रश्नाने असा गडबडला, की पुन्हा फिरकलाच नाही. काका जिना चढताना दिसले तर हल्ली तो लिफ्टने जातो.

आणि मग एका संध्याकाळी काका माझ्या दारात. हातात शिऱ्याचं पातेलं, तोंडभर हसू. "सोडली! निखिलने वेप सोडली! आत्ता फोन आला. आय अ‍ॅम डन, बाबा, म्हणाला!" पातेल्यावर त्यांनी चमच्याने चक्क ताल धरला. मी पण नाचले. शिऱ्यात साखर दुप्पट पडली होती, पण त्या दिवशी कोण बोलणार?

दोन दिवसांनी पातेलं परत द्यायला गेले, तर काका टेबलावरची रिळं आवरत होते. टेबल आता चांगलंच मोठं दिसत होतं.

"चांगलंच झालं गं," ते म्हणाले. "देवाला दुसरं काय मागणार होतो? पण आता शनिवारी तो कशाला येईल?"

"काहीतरीच काय, काका! मुलगा आहे तुमचा. येईल की."

"इन्शाल्ला," काका म्हणाले. इथला प्लंबर 'उद्या येतो' म्हटल्यावर जसं इन्शाल्ला म्हणतो ना, अगदी तसं.

शनिवारी मुद्दाम वांगीभात घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, एकटे बसायला नकोत. पानं घेतोय तोच बेल वाजली. निखिल! काखेत टोस्टर.

"बाबा, टोस्टर इज डेड. कॅन यू फिक्स इट?"

"एवढ्यासाठी अबूधाबीहून आलास? तिकडे दुरुस्तीवाले नाहीत?" काका गुरगुरले, पण स्क्रू ड्रायव्हर केव्हाच हातात आला होता. निखिल स्वयंपाकघरात जाऊन आमटीचं झाकण उघडून बघत होता.

काकांनी टोस्टर उघडला. भिंग लावून आत बघितलं. मग मला खुणेने जवळ बोलावून हळूच म्हणाले, "जळून तुटलेली तार टोकाला काळी पडते, वितळून बारीक गोळी होते. आता ही बघ."

दोन्ही टोकं सपाट होती, चकचकीत. पक्कडीने कापलेली.

मी तोंड उघडणार, तोच काकांनी ओठांवर बोट ठेवलं. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. मग स्वयंपाकघराकडे बघून जोरात ओरडले, "निखिल, फार मोठं काम आहे रे हे! आज नाही व्हायचं. पुढच्या शनिवारी ये!"

"ओके, बाबा," आतून आवाज आला. "नो हरी."