इंगोले मास्तरांचा काळा मासा

वाशीमला मला निवारा मिळाला तो इंगोले मास्तरांमुळे, हे आधी सांगून टाकतो. कारण पुढचं ऐकून तुम्ही हसाल, आणि हसता हसता तेवढंच सांगायचं राहून जाईल.

मास्तर कुणाला नाव विचारत नाहीत. एकदा आठवडी बाजारात एक बाई रडत आली. "मास्तर, माहा गजू हरपला जी!"

"नाव राहू दे बाई. वर्णन सांग. डोकं केवढं? अंग डोक्याच्या किती पट?"

बाई रडायची थांबली आणि भांडायला लागली. आईचा तो आवाज ऐकून गजू आपणच गुळाच्या दुकानामागून बाहेर आला. मास्तरांनी त्याला खालीवर न्याहाळलं. "पाह्य बाई, वर्णनानंच सापडला."

ही खोड लागली ती एका माशामुळे. मास्तर शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांचा एक जुना विद्यार्थी बोटीवर नोकरीला आहे. खोल समुद्रात जाळ्यात आलेला एक मासा त्याने स्पिरिटच्या बरणीत घालून मास्तरांना आणून दिला. वीतभर लांब, काळा. तोंड एवढं, की स्वतःलाच गिळेल. दात दाभणासारखे, हनुवटीला लोंबता दोरा आणि पोटावर ठिपक्यांच्या रांगा.

"अंधारात हे ठिपके चमकत असन," मास्तर सांगतात. "सोताचा कंदील सोताच घेऊन हिंडते बिचारा."

असा मासा जगात कुणाला ठाऊकच नसावा, अशी त्यांना शंका. नव्या माशाची शास्त्रात नोंद व्हायची तर आधी वर्णन लागतं, म्हणून ते त्याचं वर्णन लिहायला बसले होते.

मी मूळचा कोकणातल्या किनाऱ्यावरचा. सहावीतून शाळा सोडली, काम शोधत शोधत इकडे कापसाच्या जिनिंग कारखान्यात आलो. हंगाम संपला, तसं कामही संपलं. शाळेच्या ओट्यावर बसलो होतो, तिथे मास्तरांनी हटकलं. समुद्राकडचा म्हणताच मला घरी नेलं आणि बरणी पुढ्यात ठेवली.

मी चाचरत म्हणालो, "हा बांगडा नाही. बोंबील नाही. मुडदुशी तर नाहीच." वाटलं, आता हाकलतात.

मास्तर तर खूश! "काय नाही ते सांगनाराही लागते बाप्पा. राह्य इथंच."

हेडमास्तरांची मनधरणी करून त्यांनी मला शाळेत शिपायाचं काम मिळवून दिलं. राहायला स्वतःची पुढची खोली दिली.

संध्याकाळी आमचं काम चाले. मी सुईच्या टोकाने माशाच्या परांचे काटे अलगद सुटे करायचे, मास्तरांनी मोजायचे. सगळं जमलं, गाडं अडलं ते रंगावर. नुसतं 'काळा' लिहायला मास्तर तयार नव्हते.

चहावाले रहीमचाचा म्हणाले, "तव्यावानी लिहा ना, मास्तर."

"अन् तवा घासला तं?"

गवळण म्हणाली, "माह्या म्हशीवानी लिवा."

"कोनती म्हैस, ओली का वाळली? वाळली का भुरकट दिसते ते."

"माह्या म्हशीले भुरकट म्हनता?"

झालं! पुढे कितीतरी दिवस आम्ही बिनदुधाचा चहा प्यायलो. मी भीत भीत सुचवलं, नांगरलेल्या काळ्या जमिनीसारखा लिहावं. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "कोनाच्या वावरातली?"

मी हसायचो, पण आत धाकधूक असायची. मासा ओळखला गेला, की काय नाही ते सांगणाऱ्याचं काय काम?

आणि तो दिवस उजाडला. नागपूरचे एक प्राध्यापक लग्नासाठी वाशीमला आले होते. मास्तरांनी त्यांना पंगतीतून उठल्या उठल्या घरी आणलं. त्यांनी बरणी फिरवून फिरवून पाहिली, मास्तरांचं वर्णन वाचलं, मनापासून वाहवा केली आणि एक लांबलचक लॅटिन नाव घेतलं.

"फार दुर्मिळ मासा आहे, मास्तर. पण नवा नाही. याचं वर्णन कधीच होऊन गेलंय."

ते गेले. मास्तर बरणीसमोर नुसते बसून राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. मी खोलीत जाऊन चादर, धोतर, तांब्या गाठोड्यात बांधला आणि पाया पडायला आलो.

"गाठोडं कायले बांधून राह्यला बे?"

"मासा ओळखला ना, मास्तर. आता माझं..."

"तुले का मी माशासाठी ठेवलं?" मास्तर एकदम चिडले. "खोल पान्यातलं किनाऱ्यावरच्या मानसाले काय माहीत असन? इतकं समजते मले."

"मग काहून ठेवलं?" माझ्या तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

मास्तरांनी धोतराच्या सोग्याने बरणी पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली.

"संध्याकाळी या घरात हाच होता. अन् हा तं बोलत नाही." मग हळूच म्हणाले, "बरं झालं गा. याच्यावानी आनखी कोनी हाये म्हनते समुद्रात. मले वाटे, एकटाच हाये का काय."

मी गाठोडं सोडलं.

मास्तरांचे उपकार फेडणं अजून माझ्याच्याने झालेलं नाही. पण एक दिवस मास्तरांना आमच्या गावी नेणार आहे. आमच्या घरी आई, दोन काकवा, आत्या, चुलत भावंडं, सगळी एकाच वेळी बोलतात. त्यांच्या मधोमध मास्तरांना पाट मांडून बसवीन. घास गिळायलाही सवड मिळू द्यायची नाही.