आधी नाकाला विचारा

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या शेजारच्या परबांकडे जायचं असेल, तर साबण लावून अंघोळ करायची नाही. पावडर नाही, डोक्याला तेल नाही, आणि प्रभादेवीच्या नाक्यावर वडापाव खाल्लेला असेल तर दारातूनच परत. दुपारीच परबांचा मेसेज येतो : 'आज बैठक. नुसत्या पाण्याने धुऊन येणे.' एकदा मी विसरून चंदनाचा साबण लावून गेलो, तर त्यांनी मला अख्खी संध्याकाळ खिडकीपाशी एकटं बसवलं. म्हणाले, "देसाई, तुम्ही जवळ आलात की सगळ्या बाटल्यांना देवघराचा वास येतो."

परब व्हिस्की पितात असं म्हटलेलं त्यांना खपत नाही. "पिणारे लोक वेगळे. आपण ओळख करून घेतो." एका जहाज कंपनीच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला हा माणूस स्कॉटलंडला गेलेला नाही, जपानला तर नाहीच. गावाला, म्हणजे मालवणला, जाऊन येतात तेवढंच. पण दोन्ही देशांबद्दल ते असे बोलतात, की जणू तिथे त्यांचं घर आहे आणि भाऊबंदांनी कुलूप लावून ठेवलंय. बाटल्या येतात त्या तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतांकडून. सावंतांचा जावई बोटीवर आहे. त्यामुळे बैठकीत सावंतांना मानाची खुर्ची असते, जिभेची किंमत मात्र शून्य. कुठलीही व्हिस्की दिली तरी सावंतांचा अभिप्राय एकच, "घसा जळतोय."

"जळणारच," परब म्हणतात. "तुम्ही थेट घशाला विचारता. आधी नाकाला विचारा."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. ग्लास नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि गप्प बसायचं. सावंतांनी ग्लास उचलला रे उचलला की परब त्यांचा हात धरतात. "घाई नको. ती काय पळून जात नाही." मग पाणी. तेही ओतायचं नाही, थेंब सोडायचे. त्यासाठी परबांनी सुरुवातीला देवघरातली पळी उचलली होती. संध्येला बसल्यासारखे ग्लासात थेंब सोडत होते, तेवढ्यात त्यांच्या पत्नी, नलूवहिनी, बाहेर आल्या. त्यानंतर त्या घरात काही दिवस अबोला होता. शेवटी वहिनी स्वतःच दादरला जाऊन दुसरी तांब्याची पळी घेऊन आल्या. "ही तुमच्या देवाची," म्हणून त्यांच्यासमोर आपटली. आजही बैठकीत तीच पळी असते, आणि श्रावणात बैठक बंद असली तरी ती चिंच लावून घासली जाते.

स्कॉच आणि जपानी यांची तुलना हा परबांचा जिव्हाळ्याचा विषय. "स्कॉच म्हणजे आमचे थोरले काका. दारात पाऊल टाकलं की सगळ्या चाळीला कळणार. जपानी म्हणजे धाकटी काकू. बोलत नाही, पण घर तिच्यावर चालतं." जपान्यांनी ही विद्या स्कॉटलंडला जाऊन शिकून घेतली, हे सांगताना त्यांचा आवाज हळवा होतो. "शिकले त्यांच्याकडून, पण चव आपल्या घरची ठेवली. सून अशी पाहिजे."

त्यांना वास तरी कसले यावेत? पुस्तकातली मंडळी व्हॅनिला आणि ओक म्हणतात. परबांच्या ग्लासात मालवण आणि परळ असे. धुरकट स्कॉच हुंगून ते म्हणत, "पावसाळ्यात ओली लाकडं घातलेली चूल." एखादीत त्यांना वरळी कोळीवाड्यात वाळत घातलेली सुकट सापडे. एकदा एका बाटलीवर बराच वेळ नाक ठेवून बसले आणि म्हणाले, "हा बाबांचा सदरा. गिरणीतून आल्यावरचा." त्या दिवशी सावंतांनीसुद्धा ग्लास आधी नाकाशी नेला. जपानी व्हिस्कीत मात्र त्यांना कायम फुलं सापडत, सुकलेली बकुळ, देवळातून घरी आणलेली.

वहिनींचा या सगळ्यावर बहिष्कार. तळलेले बोंबील घेऊन येतात, नाकाला पदर लावून ताटली ठेवतात आणि जातात. पण जेवणाच्या बाबतीत परब तेच नाक वहिनींच्या सेवेला लावत. बांगड्याचं तिखलं, म्हणजे तो दाट तिखट रस्सा, पानात पडायच्या आधी दारात असतानाच सांगत, "आज तिरफळ एक जास्त पडलं गो." वहिनी वैतागल्यासारखं करत. मालवणी माणसाच्या तिखल्यात तिरफळ, ते मिरीसारखं उग्र वासाचं फळ, नसेल तर ते तिखलं नव्हेच, आणि त्यातलं एक कमीजास्त झालेलं ओळखणारा नवरा मिळणं ही काय साधी गोष्ट नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसायचं.

गेल्या पावसाळ्यात परबांना ताप आला. सगळ्यांनाच आला होता. त्यातून ते उठले, बैठका पुन्हा सुरू झाल्या, पण मला काहीतरी खटकायला लागलं. एका शुक्रवारी त्यांना स्कॉचमध्ये बकुळ सापडली. पुढच्या शुक्रवारी मी घाईत पावडर लावून गेलो, तर मला खिडकीपाशी बसवलं नाही. शिवाय पेपर घेऊन गॅलरीत बसणारे परब आता स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. मला वाटलं, वय झालं, बायकोची सोबत हवीशी वाटते.

मग सावंतांनी तो घोळ घातला. जावयाने त्यांना बोटीवरचा एक खेळ सांगितला होता. परबांना आतल्या खोलीत पाठवून सावंतांनी दोन ग्लास भरले, एकात धुरकट स्कॉच, एकात जपानी, आणि बाटल्या सोफ्यामागे लपवल्या. "या परब. ओळखा, काका कुठला आणि काकू कुठली."

ही काही परीक्षा नव्हती. धुरकट स्कॉच मलासुद्धा टेबलाच्या या टोकाला कळत होती. परबांनी पहिला ग्लास उचलला. मग दुसरा. मग परत पहिला. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि मला एकदम सगळं समजलं. या माणसाला काहीही वास येत नव्हता.

"आधी नाकाला विचारा," सावंत मजेत म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना.

तेवढ्यात वहिनी बोंबील घेऊन आल्या. नाकाला पदर नव्हता. ताटली ठेवताना त्या दोन्ही ग्लासांवर जरा जास्तच वाकल्या आणि डावीकडचा ग्लास बाजूला सारत करवादल्या, "हा आधी उचला इथून. ओल्या चुलीसारखा धूर मारतोय नुसता."

परबांनी डोळे मिटले. ग्लास शांतपणे नाकाशी नेला. "डावीकडची स्कॉच," ते म्हणाले. "उजवीकडची जपानी. बकुळ आहे." सावंतांनी टाळ्या वाजवल्या.

बैठक मोडल्यावर मी ग्लास ठेवायला आत गेलो. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या.

"भावजी, तुम्हाला कळलं ना?" त्या हळूच म्हणाल्या. "त्या तापापासून त्यांना वास येत नाही. मला ठाऊक आहे हे त्यांना सांगू नका. फार मानी माणूस आहे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"ते बाजारात गेले होते तेव्हा मी तिखल्यात तिरफळ घातलंच नाही. मुद्दाम. जेवताना म्हणाले, आज तिरफळ काय सुंदर उतरलंय." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मी म्हटलं, वाढू आणखी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी परब जिन्यात माझी वाटच पाहत होते. "देसाई, काल तुम्ही माझ्याकडे बघत होतात. तुमच्यापासून काय लपवायचं. पण हिला कळता कामा नये."

"अहो, पण बैठकीचं काय?"

"बैठक गेली खड्ड्यात. सावंतांसमोर हरलो असतो तर हसून मोकळा झालो असतो. पण हिला कळलं असतं ना. चाळीस वर्षं ती माझ्या नाकासाठी रांधतेय हो. तिला वाटेल, आता कुणासाठी करायचं?" मग जरा ओशाळून म्हणाले, "म्हणून दारात बसतो. कुठल्या बरणीत हात घालते ते बघून ठेवतो, आणि पानावर बसलं की सांगतो."

मी मान डोलावली. दोन्ही बाजूंना शब्द देऊन बसलेला मी एकटाच.

बैठक चालू आहे. नियम तेच, साबण नाही, पावडर नाही. फरक इतकाच की वहिनी आता आमच्यातच खुर्ची घेऊन बसतात. ग्लास भरला की आधी त्याच हुंगतात आणि नाक मुरडून तक्रार करतात, चुलीची, सुकटीची, कोमेजलेल्या गजऱ्याची. परब ऐकतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "बरोबर. मला तेच वाटत होतं."

परवा जेवायलाही थांबवलं. बांगड्याचं तिखलं होतं. परबांनी पानाकडे बघितलं आणि म्हणाले, "आज तिरफळ अगदी बेतात पडलंय गो."

वहिनी लाजल्या. मी परबांच्या पानात डोकावलो. तिरफळं एरवी रश्शात तळाशी जातात, शोधावी लागतात. वहिनींनी ती वेचून बांगड्याच्या तुकडीवर ओळीने मांडली होती, त्यांना दिसतील अशी.