विंगेतला मेंदू

माणसाचे गुडघे म्हातारे होतात, दात म्हातारे होतात, विचार तर तिशीतच म्हातारे होतात. पण कान कधीही म्हातारे होत नाहीत, असं प्रॉम्प्टरांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी सकाळपासून बायकोला तीनदा ऐकवलं. कारण पहिल्या दोन वेळी तिने काय उत्तर दिलं, ते त्यांना ऐकू आलं नव्हतं.

"मी म्हटलं, हे तुमच्या त्या दिग्दर्शकाला सांगा!" तिसऱ्या वेळी ती ओरडली.

दुखणं नेमकं तिथेच होतं. गेली चाळीस वर्षं प्रॉम्प्टर एका हौशी नाटक मंडळाच्या डाव्या विंगेत बसत आले होते. एक स्टूल, एक छोटी बॅटरी, मांडीवर संहिता. नट अडला की पुढचे दोन शब्द असे अलगद सोडायचे, की नटाला वाटावं आपल्यालाच आठवले! नोकरी संपली, केस संपले, मुलगी लग्न होऊन गेली. स्टूल सुटलं नाही. आणि आता एकाहत्तराव्या वर्षी ते स्टूलच जायची वेळ आली होती.

झालं होतं ते असं. नाटकाच्या दुसऱ्या अंकात हिरो थोरल्या भावाशी भांडतो आणि मग त्याला गोळी घालतो. (हिरो सहासष्ट वर्षांचा, भूमिका अठ्ठाविशीची. मंडळात त्याला सदातरुण म्हणत.) गेल्या प्रयोगात सदातरुणाने न भांडताच गोळी घातली. भाऊ मेला. मग विंगेतून प्रॉम्प्टरांचा घाबराघुबरा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, "दादा, या घरात माझाही वाटा आहे!"

प्रेतालासुद्धा हसू आवरेना.

"काका, वाक्य गोळीनंतर?" दिग्दर्शकाने विचारलं. तो प्रॉम्प्टरांच्या मुलीच्या वयाचा होता, त्यामुळे रागावतानाही आदराने रागवायचा आणि ते जास्त लागायचं.

"मी वेळेवर दिलं होतं!"

"मी शेवटच्या रांगेत होतो. मला तरी गोळीनंतरच ऐकू आलं. तुम्हाला आता उशिरा ऐकू येतं काका, उशिरा कळतं. वय आहे, त्यात लाज कसली?"

"मला? उशिरा? अरे, तू रांगत होतास तेव्हापासून..."

"कान आणि डोकं जागेवर असल्याचा कागद आणा. नाहीतर विंगेत मी वाक्यं दाखवणारा स्क्रीन लावतो."

कागद मिळवायचा कुठून? एका कॉलेजच्या प्रयोगशाळेला निरोगी म्हातारी माणसं हवी होती. बोललेला शब्द त्यांचा मेंदू कसा ओळखतो, हे तपासायचं होतं. प्रॉम्प्टर छाती पुढे काढून गेले.

तिथल्या संशोधक मुलीने आधी कान तपासले. "कान छान आहेत काका. वयाच्या मानाने."

"मानाने कशाला? नुसतं छान म्हणा ना, मॅडम."

"पण ऐकणं कानात फक्त सुरू होतं. समजा मी नुसतं 'का' म्हटलं. तुमच्या डोक्यात काय काय येतं?"

"कागद, कात्री, काळोख, कारकून..."

"हे सगळे शब्द एकदम उठून उभे राहतात. पुढचा आवाज आला, की ज्यांचं काम नाही ते खाली बसतात. तरुणपणी पटापट बसतात. वय झालं की..."

"बसतच नाहीत?"

"बसतात. जरा रेंगाळतात."

"म्हणजे आमची वार्षिक सभा! अध्यक्षांनी एकाला बोलावलं, की चौघं उठतात!" प्रॉम्प्टर खुर्चीच्या कडेला सरकले. आपल्या डोक्यात इतकी गर्दी असते हे त्यांना आजच कळत होतं. "मग एवढ्या गोंधळात म्हाताऱ्याला शब्द कळतो तरी कसा?"

"तेच तर शोधतेय! आमचा अंदाज आहे, तो वाक्याचा आधार घेतो. पुढे काय येणार, ते आधीच ताडून ठेवतो."

मग त्यांच्या डोक्यावर चौसष्ट वायरींची टोपी चढवली, प्रत्येक वायरीखाली चिकट जेल भरलं. आरशात पाहिलं, तर जाळीच्या पिशवीत घातलेला कोबी! काम मात्र सोपं होतं. हेडफोनमध्ये वाक्य येणार, शेवटच्या शब्दाआधी थोडी शांतता, मग शब्द. आपण नुसतं ऐकायचं. जबडा, जीभ, काहीही हलवायचं नाही.

पहिलं वाक्य आलं. "पोस्टमनने दाराखालून आत सरकवलं..." आणि शांतता.

शांतता! चाळीस वर्षं ज्या माणसाने शांतता दिसली की ती बुजवली, त्याने काय करावं?

"पाकीट," प्रॉम्प्टर कुजबुजले.

पलीकडच्या खोलीत पडद्यावरच्या रेषा भूकंप झाल्यासारख्या नाचल्या. संशोधक मुलगी धावत आली.

"काका, बोलायचं नाही!"

"मी कुठे बोललो? प्रॉम्प्ट केलं."

दुसरं वाक्य. "तिने चहात दोन चमचे घातली..." शांतता. प्रॉम्प्टरांनी ओठ मिटले, पायाची बोटं आवळली, श्वास कोंडला. "साखर!" असं नाकातून निसटलंच. आणि हेडफोनमधली बाई थंडपणे म्हणाली, "शाई."

"चूक!" प्रॉम्प्टर टोपीसकट उभे राहिले. वायरी ताणल्या गेल्या, टेबल अर्धा फूट सरकलं. "पुन्हा घ्या! या बाईंचं पाठांतर कच्चं आहे! कोण आहेत या?"

"मी आहे," संशोधक मुलगी म्हणाली. "आणि ते मुद्दाम चुकीचं आहे. मेंदू दचकतो का, ते बघायला."

"मेंदूचं राहू द्या, आख्खा माणूस दचकला की हो!"

तिने विनवण्या केल्या, समोरच्या भिंतीवर "गप्प" असं लिहून चिकटवलं, मधे पाणी पाजलं. व्यर्थ. एकशे वीस वाक्यं झाली आणि एकशे वीस वेळा प्रॉम्प्टर कुजबुजले. मेंदूच्या नोंदींचा पार चुथडा झाला. पण खोलीत आवाजाची नोंद चालू होती. ती ऐकता ऐकता संशोधक मुलीच्या कपाळावरची आठी हळूहळू विरली.

"काका, तुम्ही ऐकून बोलतच नाही आहात! शब्द वाजायच्या पाऊण सेकंद आधी बोलताय! आणि अपेक्षित शब्द एकशे अकरा वेळा बरोबर!"

मग तिने नुसते सुटे शब्द ऐकवले, ऐकला की बटण दाबा म्हणाली. गालिचा. खिळा. पाळणा. मागे वाक्य नाही, पुढे वाक्य नाही. इथे प्रॉम्प्टर त्यांच्या वयाच्या इतर माणसांपेक्षाही मागे पडले.

घरी जाताना ते आपल्याच विचारात होते. चाळीस वर्षं आपण कान देऊन बसलोय असं वाटत होतं. आपण ऐकत होतो की नुसतं ओळखत होतो? दारातच प्रयोग करून पाहिला.

"अहो, येताना..." बायको म्हणाली.

"दूध!"

"...जिन्यात पाय पुसलेत का?"

कागद मात्र मिळाला होता. दुसऱ्या दिवशी तालमीच्या खोलीत त्यांनी तो दिग्दर्शकासमोर ठेवला. दिग्दर्शकाने मोठ्याने वाचलं, "सुटा शब्द ओळखायला उशीर लागतो. वाक्य असल्यास बोलणाऱ्याच्या आधी शब्द सांगतात. प्रकृती वयानुसार उत्तम."

"आधी! उशिरा नाही, आधी!" प्रॉम्प्टर गरजले. "त्या प्रयोगाची फिल्म काढलीय ना? लाव!"

कॅमेरा विंगेला लागून ठेवला होता, त्यामुळे तिथली कुजबूज स्वच्छ उतरली होती. सगळे लॅपटॉपभोवती जमले. पडद्यावर सदातरुण भावासमोर उभा राहिला. थांबला. हा पॉज दिग्दर्शकानेच बसवला होता, चांगला चार सेकंदांचा. पहिल्याच सेकंदाला विंगेतून कुजबूज आली, "दादा, या घरात माझाही वाटा आहे." सदातरुणाने मान डोलावली आणि पिस्तूल काढलं.

दिग्दर्शकाने फिल्म थांबवली.

"तू वाक्य का नाही घेतलंस?" दिग्दर्शकाने सदातरुणाला विचारलं.

"मला ऐकू आलं ना ते," सदातरुण म्हणाला. "मला वाटलं, मी म्हटलं."

"आणि मग काका गोळीनंतर पुन्हा ओरडले!"

"मग काय करू? त्याने घेतलंच नाही!" प्रॉम्प्टर म्हणाले. पण आवाजातला जोर गेला होता. चाळीस वर्षांत किती नटांच्या तोंडचा घास आपण असा काढून घेतला असेल, याचा ते मनातल्या मनात हिशेब करत होते आणि तो लागत नव्हता. "पण डोकं तर शाबूत आहे ना रे माझं?"

"शाबूत आहे हो काका," दिग्दर्शक कपाळ चोळत म्हणाला. "तोच तर त्रास आहे."

त्याने विंगेत स्क्रीन लावून पाहिला. सदातरुणाला तो चष्म्याशिवाय दिसेना, आणि अठ्ठावीस वर्षांच्या हिरोला चष्मा शोभेना. दुसरा कोणी फुकट स्टुलावर बसायला तयार होईना. शेवटी दिग्दर्शकाने लाल पेन घेतलं आणि संहितेतले सगळे पॉज काढून टाकले.

प्रॉम्प्टर अजून डाव्या विंगेतच बसतात. नाटक आता अकरा मिनिटं आधी संपतं.