बंकट मास्तरांची पट्टी

अजिनाथने कोठीच्या चारी भिंतींना घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या, तेव्हा सुरेखाने एवढंच विचारलं, की आता पाहुणे आले तर त्यांना भिंतीवर झोपवायचं का. अजिनाथने स्टुलावरूनच समजावलं, की आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि गोधडी तो गिळते. सुरेखा म्हणाली, मग एक टीव्हीवरही टाका.

केजच्या स्टँडमागे अजिनाथचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दोन वर्षांत त्याने हळूहळू सामान जमवलं होतं. एक जुना लॅपटॉप, दोन माईक लागतील एवढी एक डबी, आणि एक हेडफोन, ज्याची डावी बाजू हाताने दाबून धरली तरच बोलायची. आजवर या स्टुडिओत दोनच कामं झाली होती. एक भांड्यांच्या सेलची जाहिरात, आणि दुसरी हरवलेल्या म्हशीची दवंडी. म्हैस सापडली होती, त्यामुळे अजिनाथचा हुरूप टिकून होता.

आता मात्र खरं काम आलं होतं, आणि तेही घरातून. त्याचे चुलते बंकटनाना तीस वर्षं बँड चालवत होते. नाना क्लॅरिनेट वाजवायचे आणि सगळा तालुका त्यांना मास्तर म्हणायचा. पण डीजे आल्यापासून त्यांच्या सहा माणसांच्या बँडला कोणी विचारेना. जे विचारायचे ते आधी क्लिप मागायचे. माजलगावकडच्या विठ्ठलरावांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मोठं घर, चार गावांचं वऱ्हाड. तिथे बँड वाजला तर पुढचा सगळा सीझन उभा राहिला असता. त्यांचाही निरोप आला, गुरुवारपर्यंत क्लिप पाठवा. इकडे ढोलवाल्या आश्रुबाच्या दारात ऊसतोडीचा मुकादम दोनदा येऊन गेला होता. आश्रुबा एकदा टोळीबरोबर गेला, की बँड मोडल्यातच जमा होता.

रविवारी सकाळी सहाही जण कोठीत शिरले आणि नानांनी मान हलवताच सगळ्यांनी एकदम सुरुवात केली. लॅपटॉपवरच्या हिरव्या रेषा लाल झाल्या आणि लालच राहिल्या. पत्र्यावरची धूळ प्रत्येकाच्या डोक्यावर आली. अजिनाथने ऐकून पाहिलं तर खडीचा ट्रक रिकामा केल्यासारखा आवाज आला होता. मग त्याने ठरवलं, एकेकाला वेगळं रेकॉर्ड करायचं आणि नंतर जोडायचं.

पहिले नाना बसले. क्लॅरिनेट ओठाला लावलं, पुन्हा खाली घेतलं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा सूरच निघेना. शेवटी अवघडून म्हणाले, "अजिनाथ, मी बसून कधी वाजिवलंच न्हाई बाबा. पाय चालल्याबिगर बोटं चालत न्हाईत."

खरं होतं ते. तीस वर्षं नाना नवरदेवाच्या घोड्यापुढे चालत आले होते. कोठीत चालायला चार पावलांची जागा. दुसऱ्या फेरीत माईकची वायर पायांना गुंडाळली. म्हणून काम अंगणात आलं. जाळ्या काढायच्या काठीला माईक बांधला, काठी सुरेखाच्या हातात दिली, आणि नाना पुढे, सुरेखा पदर सावरत मागे, अशा फेऱ्या सुरू झाल्या. नानांचं झाल्यावर ट्रंपेटवाला अभिमन्यू. तो खिशातल्या मोबाईलवर नानांचं वाजवणं ऐकत वाजवायचा. मग दुसरा ट्रंपेटवाला, मग आश्रुबा, मग उरलेले दोघे. सुरेखा संध्याकाळी पाय शेकत म्हणाली, एवढ्या चालण्यात अंबाजोगाईला जाऊन देवीचं दर्शन घडलं असतं. गोधड्या कोठीत नुसत्याच लटकत राहिल्या.

सोमवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अजिनाथने एकट्या क्लॅरिनेटचा आवाज चालू केला आणि त्याला काहीतरी खटकलं. मोबाईलवर सूर मोजायचं ॲप होतं. त्याचा काटा बरोबर मध्यावर यायला हवा. तो डावीकडे, म्हणजे उतरलेल्या सुराकडे, झुकून बसला, आणि दुसऱ्या सुरालाही तिथेच बसला. ॲप बिघडलं असेल म्हणून त्याने दुसरी चार गाणी लावून पाहिली. काटा मध्यावर. पुन्हा नाना. काटा डावीकडे.

अजिनाथने हेडफोन काढून ठेवला. ज्या माणसाच्या वाजवण्यावर त्याचं स्वतःचं लग्न लागलं होतं, तो माणूस बेसूर होता. फार नाही, अर्ध्या सुराला थोडा कमी. ढोलाच्या दणक्यात ते कधी कळलं नव्हतं. ही गोष्ट जगात आता फक्त आपल्याला ठाऊक आहे, असं त्याला वाटलं. एक गिऱ्हाईक चार्जर मागून, उत्तर न मिळाल्याने निघून गेलं.

नानांना सांगण्यापेक्षा दुरुस्त करणं सोपं होतं. त्याने क्लॅरिनेटचा सूर वर उचलला. काटा मध्यावर आला, पण दोन्ही ट्रंपेट बेसूर झाली. अभिमन्यूला उचललं तर दुसरा खाली राहिला. त्यालाही उचललं. मग मधेमधे खरखर यायला लागली, तीही पुसली. गुरुवारी सकाळी सगळं जागेवर बसलं तेव्हा बँड नुकत्याच इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखा वाटत होता. सुरेखाने ऐकलं आणि म्हणाली, चांगलं आहे, पण आपलं वाटत नाही. अजिनाथने क्लिप पाठवून दिली.

संध्याकाळी विठ्ठलरावांचा निरोप आला, तारीख पक्की धरा. आश्रुबाने मुकादमाला त्याच दिवशी नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नाना दुकानात आले आणि क्लिप ऐकवायला सांगितली. डोळे मिटून त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

"कुण्या गावची पार्टी हाय ही?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायला तेवढाच क्षण होता, आणि अजिनाथने तो घालवला. "परळीकडची हाय नाना. नमुन्याला आणलीय. तुमची क्लिप मी पाठवून दिलीय, ती ह्या लॅपटॉपात न्हाई आता."

नानांनी लॅपटॉपवरच्या रेषा निरखून पाहिल्या. मग म्हणाले, क्लॅरिनेटवाला सुराला धरून आहे. आणखी एकदा ऐकली आणि निघून गेले.

त्यानंतर चुलतीकडून बातम्या येऊ लागल्या. क्लॅरिनेटच्या सांध्यावर वर्षानुवर्षं गुंडाळलेला, सांधा पुरता आत बसू न देणारा दोऱ्याचा जाड गुंता नानांनी उस्तरून टाकला. लातूरहून नवीन बूच आणून बसवलं. आता रोज सकाळी कॅनॉलच्या कडेला एकटेच वाजवत फिरतात, बँडमधल्या कोणालाही बरोबर नेत नाहीत. अजिनाथ हे ऐकायचा आणि विषय बदलायचा. एका थापेवर साठीचा माणूस कामाला लागला होता.

लग्नाच्या दिवशी नवरदेव मारुतीच्या देवळापुढे घोड्यावर बसला आणि बँड सुरू झाला. पहिल्याच ओळीला घोड्याने मान वळवून पाहिलं. नाना एका सुरात होते आणि दोन्ही ट्रंपेट दुसऱ्या. दोन बँड एकाच वेळी वाजत असावेत तसं चाललं होतं. विठ्ठलरावांची बायको साखराबाई मांडवातून बाहेर आली आणि नवऱ्याला विचारू लागली, की हा तोच बाजा आहे का. विठ्ठलराव नानांकडे बघायला लागले.

नानांनी हात वर करून बँड थांबवला. पाणी प्यायच्या निमित्ताने सगळ्यांना लिंबाखाली नेलं. अजिनाथही मागे गेला.

"अभिमन्यू, नळी आत घाल," नाना म्हणाले.

ट्रंपेटची नळी ओढली की सूर उतरतो, आत घातली की चढतो. अभिमन्यूने जोर लावला. आश्रुबाने ट्रंपेट धरून ठेवलं. नळी हलली नाही, ती तिथेच जाम झाली होती. दुसऱ्याचीही तीच गत.

"किती वरीस झाले अशी वढून ठिवलीय?"

"असतील पंचवीस-सव्वीस." अभिमन्यू जमिनीकडे बघत होता.

"मग बोलला कावून न्हाईस?"

"मास्तरला कोन सांगनार? तुमी जिथं, तिथं आमी."

आता अजिनाथला राहवेना. "नाना, ती परळीची पार्टी नव्हती. ते तुमचंच वाजिवणं होतं. मी सूर वर उचलला होता."

"ठावं हाय मला," नाना शांतपणे म्हणाले. "सूर तू बदललास, दम न्हाई बदलला. तिसऱ्या ओळीत दम तुटतो, तो माझाच तुटतो."

"मग बोलला का न्हाईत?"

"तू बोलला न्हाईस म्हणून."

देवळापुढून घोडेवाल्याने हाक मारली. नानांनी ट्रंपेटच्या अडकलेल्या नळीकडे एकदा पाहिलं. मग दोन हातांनी आपलं क्लॅरिनेट धरलं आणि नव्या बुचावरून सांधा बोटाच्या पेराएवढा बाहेर ओढला. महिनाभर कॅनॉलवर कमावलेला सूर गेला. अभिमन्यूने टोपीने तोंड पुसलं, ते घाम पुसल्यासारखं दिसलं.

बँड पुन्हा सुरू झाला. सगळे खाली, पण सगळे एकत्र. घोडा चालू लागला, वऱ्हाड नाचू लागलं, आणि साखराबाई मांडवाच्या दारात मान डोलवत उभी राहिली. मांडवापर्यंत जाताजाता मागून चालणाऱ्या दोन गावांच्या पाहुण्यांनी नानांचा नंबर घेतला.

पंगतीत विठ्ठलराव स्वतः आग्रह करत फिरत होते. अजिनाथला जिलेबी वाढताना त्यांनी बँडचं कौतुक केलं. अजिनाथने भीतभीत विचारलं, की क्लिपमध्ये होतं तसंच वाजलं ना.

"कोण्ची क्लिप?" विठ्ठलराव थबकले. "हां, ती. ती मी उघडलीच न्हाई बघा. सगळे मागतेत म्हणून आमीबी मागितली. आमच्या लग्नात ह्याच मास्तरनं वाजिवलतं. आमच्या मंडळीनं आधीच सांगितलतं, पोरीच्या लग्नाला त्योच बाजा, त्याच आवाजाचा. सुरुवातीला जरा येगळं वाजलं, पण मग बसलं जागेवर."

मग अजिनाथचा चेहरा पाहून त्यांना वाटलं, पोराचं मन दुखावलं. त्यांनी जिलेबीची परात खाली ठेवली, सदऱ्याला हात पुसले आणि खिशातून मोबाईल काढला. "थांबा, आता ऐकतो की. समद्यांनाच ऐकवतो."

अजिनाथने घाईघाईने त्यांचा हात धरला. "राहू द्या दादा," तो म्हणाला. "पंगत गार होईल."