मोटार लावायची नाही!

दमयंतीबाईंच्या वर्गानं शाळेच्या प्रदर्शनासाठी पाणीबचतीचा कॉम्प्युटर गेम बनवला होता. पण ज्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे गेम इंजिनवर, तो चालायचा, त्यात मराठी जोडाक्षरं फुटायची. 'विद्यार्थी'चा पार चिवडा व्हायचा. दुरुस्ती झाली होती, पण अजून फक्त सोर्स कोडमध्येच, म्हणजे ती हवी तर इंजिन आपल्याच कॉम्प्युटरवर नव्यानं बांधून घ्यावं लागणार होतं.

"मग आपणच बांधू की इंजिन!" बाईंचे यजमान मुकुंदराव म्हणाले. (कचेरीत ते कारकून होते, इंजिन त्यांनी आजवर फक्त रेल्वेचं पाहिलं होतं.)

"स्वयंपाकाचा ओटा बांधायला तुम्हाला दोन वर्षं लागली. प्रदर्शन सोमवारी आहे," बाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी मुकुंदराव बसले. आधी हे नाही, मग ते नाही, अशा कुरबुरी करत जुन्या कॉम्प्युटरनं दुपारी एकदाचं काम सुरू केलं. चार वाजता पडद्यावर सत्त्याऐंशी टक्के दिसले, आणि खालून शेजारच्या सरूबाई ओरडल्या, "मुकुंदराव, पाणी आलं! मोटार लावा, लई वेळ नाय राहायचं!"

नळाला आठ दिवसांनी पाणी आलं होतं. वरची टाकी कोरडी ठणठणीत. हर्सूलच्या त्या घरात मोटार लावली की व्होल्टेज घसरून कॉम्प्युटर बंद पडायचा.

बाई बटणाकडे धावल्या. मुकुंदराव आडवे आले.

"मोटार लावायची नाही! सहा तासांची मेहनत जाईल!"

"अहो, प्यायला थेंब नाही!"

"मुलांचा गेम गेला तर?"

बाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि मुकाट्यानं हंडा उचलला. सरूबाईही मदतीला आल्या. मुकुंदराव दोन जिने चढून बादली ओतत, धापा टाकत पडद्याकडे पळत: एक्क्याण्णव... चौऱ्याण्णव... नव्व्याण्णववर आकडा अडला. खाली नळाची धार करंगळीएवढी झाली, मग नुसती फुरफुरली.

शंभर!

त्यांनी गेम उघडला. 'विद्यार्थी' सुबक, अखंड उभा! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुकुंदरावांनी लगेच पुण्याला लेकीला, हिमानीला, फोन लावला. ती इंजिनिअर. स्पीकरवर त्यांनी मोटारीची सगळी लढाई सांगितली.

"पण बाबा, मोटार लावायची ना! बंद पडलं असतं तरी झालेलं काम जात नाही. पुन्हा सुरू केलं की उरलेलं तेवढंच करतं."

सरूबाईंनी कंबरेवरचा हात काढला आणि विचारलं,

"म्हंजी आमी तीस हंडे कशापायी वाह्यले?"