मोकलांचा अंगठा

मोकल आधी समोरच्याचा अंगठा बघतात, नाव-गाव नंतर विचारतात. "माणूस खोटं बोलंल, अंगठा नाय. फोन चाळून चाळून गुळगुळीत होतो तो." पहिल्या दिवशी त्यांनी माझाही बघितला. मत सांगितलं नाही.

मोकल रोह्याचे, कंपनीतून निवृत्त झालेले. आम्ही दोघं एका सर्वेक्षणासाठी घरोघरी फिरतो. अनेक देशांत तोच प्रश्न विचारला जातो: 'गेल्या तीन महिन्यांत तुम्ही इंटरनेट वापरलं का?' तो आहे तसाच वाचायचा. सुचवायचं काही नाही, नाहीतर एका देशाचं उत्तर दुसऱ्या देशाशी ताडून बघता येत नाही.

हमरापूरला एक बाई गणपतीचं पितांबर रंगवत होत्या. शाडूच्या गोणीला टेकवलेल्या फोनमधून दुबईचं गिऱ्हाईक रंग सांगत होतं.

"इंटरनेट? नाय बा," बाई म्हणाल्या.

"मंग ह्यो आत बसलाय तो कोण गो?" मोकलांनी विचारलं.

"तो व्हिडिओ कॉल हाय."

मोकलांना यात अख्ख्या गावाचा कट दिसला. पुढच्या घरापासून त्यांनी प्रश्नच बदलला: "फोनात माणूस दिसतो काय?" सगळ्यांनी 'व्हय' सांगितलं. ऑफिसने मोकलांचं हमरापूरचं सगळं काम बाद करायचं ठरवलं. त्याआधी मी अहवाल द्यायचा होता.

त्यासाठी दुपारी रोह्याला त्यांच्या घरी गेलो. दार अर्धंच उघडलं. "कोणी पाठवलं तुमाला?"

मोकल एकटेच राहतात. चहा टाकला. ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा होता. पडद्यावर कुणाचं तरी स्वयंपाकघर, मंद दिवा, माणूस नाही.

मी त्यांना तोच प्रश्न विचारला, आहे तसाच.

"नाय," मोकल लगेच म्हणाले. "आपल्याला कुठं जमतंय ते."

मी फोनकडे बघितलं.

"ती आपली पोरगी. कॅनडाला असते. तिकडं उजाडायचं हाय अजून. माझ्यासाठी चालूच ठेवते." मग त्यांचा हात थांबला. आपला अंगठा त्यांनी उजेडात धरून बघितला आणि मुठीत घेतला.

"तुम्हीसुद्धा नाहीच म्हणालात," मी म्हणालो. "खोटं न बोलता. हेच लिहितो. हमरापूरचं काम बाद करू नका म्हणून सांगतो."

"हळू बोला," मोकल कुजबुजले. "झोपलीय ती."