बब्रुवान अण्णांच्या सोळा मात्रा

लोहाऱ्याच्या जीप स्टँडवर एखादा माणूस डोळे मिटून, एक बोट वर करून गप्प उभा दिसला तर घाबरू नका. ते आमचे शेजारी बब्रुवान अण्णा. येत्या रविवारी शाळेच्या पटांगणात गावच्या हौशी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम आहे आणि अण्णा समोरच्याला त्याची झलक दाखवताहेत.

अण्णा तहसीलमध्ये कागदपत्रांच्या नकला देण्याच्या टेबलावरून निवृत्त झाले. ऑर्केस्ट्रात ते क्लॅरिनेट वाजवतात, पण दुसरं. पहिलं वाजवायचा दवाखान्यातला कंपाउंडर. चाल त्याची, अण्णा फक्त मधल्या जागा भरणार. त्यामुळं अण्णांच्या झलकेत गाणं जवळजवळ नसतंच. दोन सूर वाजवायचे, वाद्य खाली घ्यायचं आणि जाहीर करायचं, "आता मी गप." मग बोट वर आणि सोळा मात्रा मोजणं सुरू. ऐकणाऱ्याला वाटतं, संपलं. तो 'वा वा' म्हणून निघाला की अण्णा त्याची बाही धरतात. "थांबा की. गाणं चालूच हाय. मी तेवढा थांबलोय."

मध्येच कुणी खोकलं तरी मोजणी चुकते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. सलूनमध्ये एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावरचा साबण वाळून गेला, कारण अण्णांबरोबर वस्तराही थांबला होता. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी बोट वर केलं तेव्हा गॅसवर दूध होतं. ते माझ्या डोळ्यांदेखत उतू गेलं, पण हलायची माझी टाप नव्हती. "सर, दूध गेलं तर जाऊ द्या," अण्णा नंतर म्हणाले, "पर ठेका जाऊ देऊ नका."

यंदा कंपाउंडरची बेंबळीला बदली झाली आणि अण्णांचं नशीब उघडलं. ऑर्केस्ट्रा चालवणारे आमचे शिंपी, त्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांनी शेवटच्या गाण्यातला एकट्या क्लॅरिनेटचा तुकडा अण्णांना दिला. त्याआधी ऑर्गनचा एकच लांब सूर. ढोलकी बंद, सगळे बंद. सोळा मात्रा जायच्या आणि मग अण्णांनी एकट्यानं सूर धरायचा. पण दर तालमीत अण्णा कधी चौदाव्याला सूर धरत, कधी अठराव्याला. शेवटी मास्तरांनी बजावलं, शुक्रवारच्या तालमीत चुकलं तर तो तुकडा हार्मोनियमला जाईल.

मला राहवलं नाही. म्हटलं, अण्णा, तीस वर्षं सोळा मात्रा मोजताय आणि आत्ताच कसं चुकतंय?

अण्णांनी क्लॅरिनेट पुसून पेटीत ठेवलं. मग म्हणाले, "म्या कधी मोजलंच न्हाय, सर. मोजायची ती."

ती म्हणजे शांताकाकू, अण्णांची बायको. अण्णांचा रियाज कायम चुलीशेजारी. अण्णा गप झाले की काकूंच्या भाकरीच्या थापा ऐकू यायच्या. सोळा थापांत काकूंची भाकरी तयार; ती तव्यावर पडली की अण्णा सूर धरायचे. कार्यक्रमात काकू पहिल्या रांगेत बसून गुडघ्यावर थापा द्यायच्या. गेल्या वर्षी काकूंना लकव्याचा झटका आला आणि उजवा हात गेला. तेव्हापासून भाकरी अण्णाच करतात, ती कुठल्याही तालुक्याचा नकाशा म्हणून खपेल. "घर लई शांत झालंय," ते म्हणाले. त्या शांततेत मोजणं जमेना म्हणून अण्णा गावभर झलक दाखवत हिंडत होते आणि आम्ही त्यांना हसत होतो. मला माझीच लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी भिंतीपलीकडून दोन सूर आले. मग, "आता मी गप." मी सवयीनं दूध उतरवून ठेवलं. एवढ्यात हलकी, अडखळती थाप ऐकू आली. मागच्या दारानं डोकावलो. काकू खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर रिकामी परात, आणि डाव्या हातानं थापा देत होत्या. नवव्या थापेला हात थांबला. अण्णांचे डोळे मिटलेले, बोट वर. ते हलले नाहीत. काकूंनी दम घेतला, दहावी थाप दिली, अकरावी दिली. सोळावी पडली आणि अण्णांनी सूर धरला. तो तुकडा मी पहिल्यांदाच पुरा ऐकला. फार गोड आहे.

"एवढ्या वेळात भाकर करपली असती," काकू जड जिभेनं म्हणाल्या.

"करपू दे," अण्णा म्हणाले. "मी हाय न्हवं थांबायला."

संध्याकाळी तालमीला काकूंना खुर्चीसकट नेलं. तुकडा अण्णांकडंच राहिला. तर रविवारी नक्की या. पहिल्या रांगेत डावीकडच्या खुर्चीत मांडीवर परात घेतलेल्या बाई दिसतील, त्यांना हसू नका, आणि अण्णा गप झाले की संपलं समजून टाळ्या वाजवू नका. कितीही वेळ लागला तरी ऑर्गन सूर सोडणार नाही, असं मास्तरांनी कबूल केलंय. तेवढा वेळ आपणही गप बसू.